अंगात येतं तेव्हा...

"मिशी काढावी लागेल," दिग्दर्शक म्हणाला.

मेकॅनिकलच्या मुलाला मिशी काढायला सांगणं म्हणजे काय, हे ज्यांनी थर्ड इयरपर्यंत वाट बघून ती मिळवली आहे त्यांनाच कळेल. पण एकांकिका स्पर्धा अकरा दिवसांवर आली होती आणि आमची मुख्य मुलगी टायफॉइडने आजारी पडून घरी गेली होती. दुसऱ्या दोघींना विचारलं. पण भूमिका होती अंगात देवी येणाऱ्या सुनेची. केस सोडून, मळवट भरून स्टेजवर घुमायचं म्हटल्यावर एकीच्या आईने फोनवरच सांगितलं, "नाटकातसुद्धा असलं नको बाई." (हे वाक्य लक्षात ठेवा मित्रांनो, पुढे लागेल.)

मग दिग्दर्शकाची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. चूक माझीच. मेसमध्ये एकदा मोठ्या तोऱ्यात बोलून गेलो होतो, "आमच्या घरातच येतं की! लहानपणापासून बघतोय मी."

तसं सांगलीत राहून नाटकाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने इथेच 'सीतास्वयंवर' केलं, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन आपण साजरा करतो तो त्यामुळेच. त्यातली सीतासुद्धा पुरुषच होता. पुढे ज्यांच्या साडी नेसण्याची नक्कल बायका करायच्या ते बालगंधर्व मूळचे याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. (साताऱ्याजवळ हायवेला लागतं ते नागठाणे वेगळं. मी साताऱ्याकडचा, त्यामुळे तीन वर्षं ते आमचंच म्हणून होस्टेलवर भांडत होतो. हरलो.) तेव्हा परंपरेचा मान राखून मिशी काढली.

पहिल्या तालमीत मी जे केलं ते बघून आमचा हलगीवाला हसून हसून हलगीवरच आडवा झाला. मी सगळं नीट केलं होतं. मान गोल फिरवली, डोळे वर नेले, दात आवळून 'हूं हूं' केलं. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून अभ्यासही केला होता. दिग्दर्शक मात्र हसला नाही. म्हणाला, "तू घुमतोयस ते ठीक आहे. पण या बाईला काय पाहिजे?"

"तिला काय पाहिजे? तिच्या अंगात आलंय."

"अंगात देवी आलीय. पण बाई कुठं गेली?"

याला उत्तर नव्हतं. मग आपली नेहमीची सवय, माहिती काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, दहाव्या आवृत्तीत, याला स्वतंत्र क्रमांकच आहे, एफ ४४.३. पण गंमत अशी की धर्माच्या किंवा रूढीच्या चौकटीत, सगळ्यांना मान्य असलेल्या ठिकाणी अंगात येत असेल तर त्याला त्या यादीत आजार म्हणत नाहीत. नको असताना, भलत्या वेळी आलं तर आजार! म्हणजे तेच घुमणं देव्हाऱ्यापुढे चालतं आणि एसटी स्टँडवर चालत नाही. शिवाय मी हलगीचे ठोके, जोरजोरात घेतलेला श्वास, उपाशी पोट, गर्दी हे सगळं जोडून रेझोनन्सची एक थिअरी तयार केली. दिग्दर्शकाने (सिव्हिल, लास्ट इयर) शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "बरोबर आहे रे. पण रेझोनन्सची ॲक्टिंग कशी करणार?"

आता घरचं सांगायला हवं.

आमचं गाव वाई तालुक्यातलं. नवस-सायास सगळे मांढरदेवच्या काळूबाईचे. एकत्र कुटुंब. थोरले चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, घराचे कारभारी. काकी म्हणजे घरातला भांड्यांचा आवाज. तिचा स्वतःचा आवाज मला फारसा आठवतच नाही. तात्यांपुढे तर ती "व्हय" आणि "न्हाई" एवढंच बोलायची, त्यातही "व्हय" जास्त. पण नवरात्रात आणि पौष पौर्णिमेला तिच्या अंगात वारं यायचं. मग केस सुटायचे, कपाळभर कुंकू, आणि ती बाई तात्यांना "आरं ए" म्हणून हाक मारायची!

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्याच्या अंगात येतं त्याला 'झाड' म्हणतात. देवी बोलते ती त्या झाडाबद्दल, परक्या माणसाबद्दल बोलावं तशी. "माजं झाड वाळाय लागलंय. झाडाला काय घालतुयास का न्हाई?" असं काकीच्या तोंडून काकीबद्दल यायचं. आणि एरवी पाण्याचा तांब्यासुद्धा ओरडून मागणारे तात्या हात जोडून "चुकलं आई, पदरात घे" म्हणायचे. त्या महिन्यात काकीला वाईला डॉक्टरकडे नेलं जायचं. एकदा देवी म्हणाली, "वड्याचं पाणी वाहून माज्या झाडाची कंबर मोडली." पुढच्या पौर्णिमेच्या आत परसात नळ आला. एकदा म्हणाली, "ह्या झाडाची पोर साळंतनं काढायची न्हाई." म्हणून ताई, माझी चुलत बहीण, दहावीच्या पुढे गेली. थोडक्यात आमच्या घरातली सगळी विकासकामं देवीच्या कोट्यातून झाली. तेव्हा हे कुणाच्या लक्षात आलं होतं का? मला तरी नाही.

२५ जानेवारी २००५ ला, पौष पौर्णिमेच्या यात्रेत मांढरदेवला चेंगराचेंगरी झाली, सुमारे ३०० माणसं गेली. मी तेव्हा दीड वर्षाचा होतो. काकी त्या वर्षी डोंगरावर गेली नव्हती, कारण ताई तापाने फणफणली होती. देवीनेच आपल्या झाडाला वाचवलं, असं गावाने ठरवून टाकलं आणि काकीचं वजन आणखी वाढलं. डोंगरावर पुढे पशुहत्या, वाद्यं वाजवणं यावर बंदी आली. तेव्हापासून काकीचं वारं घरच्या देव्हाऱ्यापुढेच यायचं.

अकरावीला मी सायन्स घेतलं आणि त्याच वर्षी, २०१९ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुस्तकं हातात आली. दाभोलकर साताऱ्याचे, डॉक्टरकी शिकले मिरजेत, म्हणजे आपल्या दोन्ही गावांचे. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम त्यांनी उभं केलं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा गोळ्या घालून खून झाला आणि ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाला. मी भारावून गेलो होतो. अजूनही आहे. त्या कायद्यातही गुन्हा आहे तो अंगात आल्याचं सांगून दुसऱ्याला भीती घालण्याचा, फसवण्याचा. जिच्या अंगात येतं तिला सगळ्यांसमोर उघडं पाडा, असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. पण सोळाव्या वर्षी माणूस स्वतःच्या सोयीचं तेवढंच वाचतो.

नवरात्राची आठवी माळ. घरात पाहुणे, शेजारीपाजारी. काकी घुमायला लागली, बायका कुंकू घेऊन पुढे झाल्या, आणि मी गर्दीतून वाट काढत तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"आई, तू खरी असशील तर माझ्या खिशातल्या नोटेचा नंबर सांग."

घुमणं थांबलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. देवीने नव्हे, काकीने. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं. सगळ्यात मोठ्याने तात्या हसले. काकीने केस गोळा केले, अंबाडा बांधला आणि आत निघून गेली.

ती गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना रंगवून सांगितली. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विजय! काकीच्या अंगात त्यानंतर पुन्हा आलं नाही.

२०२० मध्ये ताई बारावी झाली. मार्क चांगले होते, नर्सिंगला जायचं म्हणत होती. तात्या म्हणाले, "बास झालं आता." काकी चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. लॉकडाऊनमध्ये ५० माणसांत ताईचं लग्न उरकलं. खर्च वाचला, असं तात्या अजून सांगतात. मी त्या लग्नात मास्क लावून वाढायला होतो. नोटेचा नंबर आणि ताईचं लग्न या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या मनालासुद्धा शिवलं नाही. ते शिवलं चार वर्षांनी, सांगलीत, अर्धवट नेसलेल्या साडीत, जेव्हा दिग्दर्शकाने विचारलं की बाई कुठं गेली.

त्या संध्याकाळी तालीम सोडून हरिपूरला संगमावर जाऊन बसलो. 'शारदा'कार देवलांचं हे गाव. म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या पोरीचं दुःख त्यांनी नाटकात मांडलं, तेही एका पुरुषाला साडी नेसवून. कृष्णा आणि वारणा तिथे मिळतात. पाण्याकडे बघून काहीतरी सुचतं असं म्हणतात. मला फक्त ताईचा नंबर डायल करावासा वाटला आणि केला नाही. शनिवारी कराडमार्गे साताऱ्याची एसटी पकडली.

काकी परसात शेंगा निवडत बसली होती. तात्या रानात.

"काकी, एक विचारू?"

"इचार की."

"तुझ्या अंगात यायचं तेव्हा तुला कळायचं का?"

हात थांबला. "आता कशाला त्ये? झालं त्ये झालं."

"नाटकात करायचंय मला."

"तुला? बाईचं?" ती माझ्या नसलेल्या मिशीकडे बघून खुदकन हसली. मग बराच वेळ नुसती शेंगा निवडत राहिली. मला वाटलं विषय संपला.

"पयल्यांदा आलं तवा काय बी कळलं न्हाई," ती आपणहून म्हणाली. "तुजी ताई पोटात व्हती. डोंगरावर हलगी वाजत व्हती, डोकं गरगारलं. डोळं उघडलं तर समदी माज्या पाया पडत्यात. ह्ये सुदीक." (ह्ये म्हणजे तात्या.) "दुसऱ्या टायमाला मी वाट बघत व्हते."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम आणाय गेलं तर येत न्हाई रं. दार नुसतं लोटून ठिवायचं. कडी घालायची न्हाई."

"आणि बोलायचं कोण?"

"त्ये मला काय म्हायती? पर जे बोलायचं असायचं, त्ये माज्या पोटात आदीच असायचं."

माझ्या घशाशी आलं होतं ते शेवटी बोललो. "काकी, त्या दिवशी मी ते नोटेचं..."

"शंभराची व्हती न्हवं?"

"पन्नासची."

"मग बरं झालं, बोलले न्हाई." आणि ती हसली. मनापासून हसली. मला हसता येईना. थोड्या वेळाने शेंगांकडे बघतच म्हणाली, "लोकं हासली की येत न्हाई त्ये."

परतीच्या एसटीत कराडपर्यंत याच विचारात होतो. काकी खोटं करत होती का? माझ्या अकरावीच्या डोक्यात दोनच खाने होते, खरं आणि ढोंग. दार लोटून ठेवणारी बाई त्यातल्या कुठल्याच खान्यात बसत नव्हती. आणि तात्या? जत्रेत दोन ग्लास झाले की तात्यांना मेलेला बाप आठवतो आणि ते धाय मोकलून रडतात, सख्ख्या भावाची माफी मागतात. सकाळी त्यावर कुणी बोलत नाही. प्यालेला माणूस बोलला तर आपण सोडून देतो, देवी बोलली तर पाया पडतो, नट बोलला तर टाळ्या वाजवतो. तेच तोंड साध्या दिवशी, साध्या आवाजात बोललं तर मात्र "गप बस" म्हणतो. म्हणूनच तर त्या मुलीची आई "नाटकातसुद्धा नको" म्हणाली होती. तिला नाटकाची भीती नव्हती, नाटकात काय निघेल याची होती.

डोंगरावर लोकांच्या अडचणींवर पोट भरणारे देवऋषी असतात, हे मला माहीत आहे आणि त्यांच्याबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आज आहे. पण काकीने कुणाकडून पाच रुपये घेतले नव्हते. तिने एक नळ घेतला होता आणि मुलीची दोन वर्षं.

सोमवारच्या तालमीत मी मान कमी फिरवली. कुणी हसलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी विंगेत साडीचा पदर दातात धरून उभा होतो तेव्हा पाय अक्षरशः कापत होते. बालगंधर्वांची एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १२ मार्च १९११ ला मुंबईत 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी गेली, आणि त्यांनी प्रयोग केला. मला ती गोष्ट नेहमी कर्तव्याची म्हणून सांगितली गेली. विंगेत उभा असताना पहिल्यांदा वाटलं की कदाचित त्या दिवशी नारायण राजहंस होऊन घरी बसण्यापेक्षा भामिनी होऊन उभं राहणं सोपंही असेल. माझी काही तेवढी पात्रता नाही, पण वाटलं ते लिहिलं.

हलगी सुरू झाली. घुमायला लागलो. संहितेत माझं भाषण वाटणीच्या जमिनीवर होतं. पहिलं वाक्य म्हटल्याचं आठवतं. पुढचं सगळं आठवत नाही असं नाही, पण ते मी स्टेजच्या मागच्या रांगेतून ऐकत असल्यासारखं आठवतं. माझ्याच तोंडून येत होतं, "माज्या झाडाची पोर साळंतनं काडलीस. कुणाला इचारून काडलीस? झाड गप बसलं म्हून? झाडाला हासलासा समदी!" जमिनीचा पत्ताच नाही. नवऱ्याचं काम करणारा आमचा इलेक्ट्रिकलचा मित्र क्षणभर गांगरला, मग हुशारीने गुडघ्यावर बसून हात जोडले. हलगीवाला तर थांबायलाच तयार नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी "काळूबाईच्या नावानं..." ओरडलं आणि अर्ध्या हॉलने "चांगभलं" म्हटलं.

निकाल? संगीतासाठी उत्तेजनार्थ, म्हणजे हलगीला. परीक्षकांनी मला प्रेमाने समजावलं की नटाने संहिता सोडू नये. बरोबरच आहे. भाव्यांच्या वेळी पदं तेवढी लिहिलेली असायची आणि नट मधली भाषणं आयत्या वेळी आपापल्या मनाने करायचे, असं उत्तर देण्याचा मोह झाला होता. पण साडीत माणूस उगाच वाद घालत नाही.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा मिशी परत यायला लागली होती. काकीने स्वतःच विचारलं, "झालं का तुजं नाटक?" कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ होता. लाइट जास्त, आवाज कमी, मध्येच समोरच्याचं डोकं. ती पदराला हात पुसत जवळ बसली आणि भिंतीला टेकून पूर्ण बघितला. तिने सांगितलेल्या चुका अशा : कुंकू फार लावलंय, मान डावीकडून फिरते उजवीकडून नाही, आणि पदर कुणी खोचून दिला, धड नाही.

मग म्हणाली, "आन त्ये पोरीचं कुणी लिवलं?"

"कुणी नाही."

ती काही बोलली नाही. बाहेर ओसरीवर तात्या तंबाखू मळत बसले होते. काकीने मोबाइल हातात घेतला, उलटसुलट करून बघितला.

"ह्याचा आवाज कुठनं वाढवायचा रं?"

मी दाखवलं. तिने दोनदा, तीनदा दाबून तो शेवटपर्यंत नेला, मोबाइल दाराच्या उंबऱ्यावर उभा करून ठेवला आणि पहिल्यापासून लावला.

हलगी सुरू झाली.